नववी 'ब'चं मडकं

पॅंटच्या उजव्या खिशात नेहमी खडूचा एक तुकडा. शाळा सुटली तरी तो काढून ठेवायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पॅंटचा तो खिसा आतून पांढरा.

सकाळी पूजा झाली की कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. शाळेच्या फाटकाशी सायकल लावताना ते रुमालाने पुसून टाकायचे आणि घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी उभं राहून खिशातल्या पुडीने पुन्हा ओढायचे. आईला कळू नये म्हणून. आईला माहीत होतं.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी मोडताना आवाज होतो. मुलं लिहीत असली तर ते व्हरांड्यात जाऊन मोडायचे.

प्रश्न विचारला की शर्टावरूनच गळ्यातलं इष्टलिंग चाचपायचे आणि वाट बघत राहायचे. उत्तर पटकन आलं तर खूश व्हायचे नाहीत.

'शाब्बास' म्हणायचे नाहीत. पूर्वी म्हणायचे. शेवटच्या वर्षी नुसतं 'बरं' म्हणायचे.

उन्हातून आल्यावर लगेच पाणी प्यायचे नाहीत. आधी अंग निवू द्यायचं, मग तांब्या तोंडाला लावायचा. हे आईने लहानपणी शिकवलेलं, आणि आईचं शिकवलेलं त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही. बाकी सगळं तपासलं.

असे गुरुशांत हिप्परगी. सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. अकरा वर्षं शिकवत होते आणि अकरा वर्षं तात्पुरते होते. घरी आई चंद्रव्वा आणि ते, दोघंच. नोकरी कायम झाली की लग्नाचं बघू, असं घरात म्हणत राहिले, आणि मग हळूहळू कुणी विचारेनासं झालं.

उत्कर्षाची आणि त्यांची ओळख झाली गुरुराजच्या टायपिंगच्या दुकानात. उत्कर्षा टेंभुर्णीची. वडिलांचं हायवेला टायरचं दुकान. तिने मराठीत एम.ए. केलं, पण नोकरी काही लागली नाही. मग ती गुरुराजकडे लोकांचे प्रबंध टाइप करायला आणि शुद्धलेखन तपासायला लागली. दुकानात येणारे बहुतेक प्रबंध एकाच आईची लेकरं असावीत तसे असायचे. जिल्हा बदलायचा, वर्ष बदलायचं, निष्कर्ष तेच. ती वाचायची नाही, नुसती टाइप करायची.

हिप्परगी सर मात्र स्टुलावर शेजारी येऊन बसायचे. त्यांच्या पीएचडीचा विषय होता नववीच्या विद्यार्थ्यांच्या अभिवृत्ती आणि मूल्ये. मुलांना काय खरं वाटतं, काय चांगलं वाटतं, कशाची लाज वाटते. त्यासाठी त्यांनी एक लांबलचक प्रश्नावली केली होती. एकेक विधान, आणि त्यापुढे सहमत की असहमत. एका शब्दावर ते तासभर घालवायचे. मुलं 'प्रामाणिक' म्हणतात का गं, असं विचारायचे. मग स्वतःच म्हणायचे, मुलं 'खरं' म्हणतात, 'खरं'च लिही. गुरुराज झेरॉक्स मशीनमागून कंटाळून बघायचा. सर तिला 'साहित्यिक बाई' म्हणायचे. तिला ते आवडायचं. या शहरात तिच्या शिक्षणाची आठवण ठेवणारा तो एकच माणूस होता.

डिसेंबरमध्ये तिने त्यांचे तक्ते टाइप केले. त्या दिवशी पहिल्यांदा तिने आकडे वाचले.

मी नेहमी खरं बोलतो, सहमत. मी परीक्षेत कॉपी करत नाही, सहमत. मी कुणाच्याही घरी जेवतो, सहमत. बहीण आणि भाऊ यांनी घरकाम सारखं करावं, सहमत. शाळा कुठलीही असो, वर्ग कुठलाही असो, सगळे सहमत.

ती हसत म्हणाली, "सर, ही नववीतली पोरं हायत का गाभाऱ्यातले देव?"

गुरुराज मशीनमागून म्हणाला, "देव तरी एवढे सरळ कुठं असतात?"

सरही हसले. मग हसायचे थांबले. स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. हात गळ्याशी गेला. त्या दिवशी त्यांनी पुढचे तक्ते दिले नाहीत. ती थट्टा आपण केली नसती तर बरं झालं असतं, असं उत्कर्षाला पुढे पुष्कळदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याच वर्गाला, नववी 'ब'ला, विचारलं. तुम्ही खरंच कुणी कॉपी करत नाही? सगळे वह्यांत बघू लागले. पुन्हा विचारलं. मागच्या बाकावरची आरोही उभी राहिली. बोलायला जरा पुढे असलेली मुलगी.

"सर, खरं लिहायचं हुतं व्हय? आदी सांगायचं की."

वर्ग हसला. ती हसली नाही. तिला सरांची थट्टा करायची नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. वर्गशिक्षिका वच्छला मॅडम. त्यांनी प्रश्नावलीचा सराव घेतला होता. इन्स्पेक्शनच्या आधी घेतात तसा, चाचणीच्या आधी घेतात तसा. दोन तास फळ्यावर उत्तरं लिहून दिली, मुलांकडून घोकून घेतली, आणि सर वर्गात यायच्या आत फळा ओल्या फडक्याने पुसून घेतला. सरांनी विचारल्यावर त्यांना आधी कळेचना की चुकलं काय. तुमच्या पीएचडीला आमच्या पोरांमुळं कमी पडायला नको, म्हणून केलं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सरांनाच त्यांची समजूत घालावी लागली.

बाकीच्या शाळांतही तेच निघालं. एका मुख्याध्यापकांनी तर आधी फोन करून विचारलं होतं की दोन-चार असहमत ठेवू का, जरा खरं दिसेल. तेव्हा सरांना तो विनोद वाटला होता.

संध्याकाळी ते स्टुलावर येऊन बसले. खाली बघत म्हणाले, "सात वर्षं मी काय मोजत होतो कळलं का? मुलं मला किती खूश करू शकतात, ते."

त्यांचे मार्गदर्शक मात्र निवांत होते. आकडे छान आलेत हिप्परगी, जमा करून टाका, उघडून कोण बघतंय, असं ते म्हणाले. मुदतवाढ शेवटची होती. एप्रिलअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. संस्थेने कायमची जागा पदवीच्या अटीवर दिली होती, आणि पदवी असलेला दुसरा उमेदवार दर आठवड्याला संस्थेच्या ऑफिसात येऊन बसत होता. हे सगळं सरांना माहीत होतं. उत्कर्षालाही माहीत होतं. म्हणून तीही म्हणाली, द्या सर. सगळ्यांचे असेच असतात. मी टाइप करते, मी बघते ना.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तू कथा-कादंबऱ्या वाचतेस," ते म्हणाले. "खोटी गोष्ट वेगळी आणि खोटा आकडा वेगळा. हो की नाही?"

तिने तक्त्यांची फाइल बंद केली.

त्यानंतर चिंचोके आले.

कागदावर मुलं खरं लिहिणार नाहीत, हे सरांच्या लक्षात आलं होतं. नाव लिहू नका म्हणून काय उपयोग? वह्या तपासून तपासून शिक्षकांना प्रत्येकाचं अक्षर पाठ असतं. हे मुलांना ठाऊक होतं. एवढी वर्षं वह्या तपासूनही सरांना मात्र ते सुचलं नव्हतं. आता त्यांनी कागदच काढून टाकला. एक मडकं आणलं. त्याच्या तोंडावर टॉवेल टाकला, आपल्याच पेठेतला, जाडसर. प्रत्येक मुलाच्या एका मुठीत अख्खा चिंचोका, दुसरीत अर्धा. सर विधान वाचणार. मुलाने यायचं, टॉवेलखाली हात घालायचा. होय असेल तर अख्खा टाकायचा, नसेल तर अर्धा. दुसरा चिंचोका परत जाताना पिशवीत टाकायचा, तोही झाकून.

चिंचोके फोडायचं काम चंद्रव्वांनी घेतलं. उंबऱ्यात बसून त्या पाट्यावर चिंचोका धरायच्या आणि वरवंट्याने नेमका एक ठोका द्यायच्या. चिंचोका बरोब्बर उभा फुटायचा. शेजारच्या बायकांनी विचारलं, म्हातारी या वयात सारीपाट मांडते का काय? चंद्रव्वा म्हणाल्या, माझा पोरगा नववीच्या पोरांबरोबर खेळतोय, मला कोण घेतंय. उत्कर्षा गेली की त्या आधी विचारायच्या, "ऊटा आतेनव्वा?" जेवलीस का बाई. आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढायच्या.

पहिल्याच शाळेत घोटाळा झाला. अख्खा चिंचोका मडक्यात पडला की आवाज वेगळा, अर्धा पडला की वेगळा. दहाएक मुलं झाल्यावर वर्ग कान देऊन ऐकायला लागला. अर्ध्याचा आवाज आला की कुणीतरी खुसखुसायचं. सरांनी ते सगळं रद्द केलं. मडक्याच्या तळाला जुना टॉवेल घातला. मग आवाज बंद झाला.

आणि मुलं खरं बोलायला लागली.

मोजणी दुकानात व्हायची, दुपारी गिऱ्हाईक नसताना. सरांचा एक नियम होता. एकट्याने मोजायचं नाही. हा नियम कुठून आला ते त्यांनी एकदा सांगितलं. पहिलं मडकं त्यांनी घरी एकट्याने मोजलं होतं. 'शिक्षक माझं ऐकून घेतात' या विधानाचं. मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं की एक अर्धा चिंचोका त्यांनी अख्ख्यांच्या ढिगात टाकलाय. मुद्दाम नाही. हात चुकला. "आपल्याला हवं तिकडंच हात चुकतो," ते म्हणाले. तेव्हापासून दोघं. एकाने काढायचा, दुसऱ्याने बघायचा.

उत्कर्षा बघायची. कॉपीच्या विधानाला अर्ध्यांचा ढीग लागला. कुणाच्याही घरी जेवतो, यालाही लागला, आणि तो त्यांनी पुन्हा एकदा मोजला. भावाने घरकाम करावं, याला मुलींच्या वर्गात अख्खेच अख्खे, मुलांच्या वर्गात नुसते अर्धे. गुरुराज वाकून बघत म्हणाला, सर, ही पोरं लगीन करणार कुणाशी? सर इतके हसले की चिंचोके सांडले. त्या दिवसांत ते खरंच आनंदात होते. आकडे वाईट होते आणि ते आनंदात होते. उत्कर्षाला त्यांचा हा आनंद नीटसा कळला नाही, पण तो बघायला ती रोज दुपारची वाट बघायची.

मार्गदर्शकांनी चिंचोके पाहिले आणि ते आधी हसले. मग हसले नाहीत. प्रमाणित साधन कुठंय, संदर्भ कुठले, समितीपुढे मडकं ठेवणार आहात का? जुने तक्ते आहेत तेच द्या, नाहीतर माझी सही मागू नका. असं त्यांनी सांगितलं आणि फोन उचलणं कमी केलं.

तेवढ्यात शाळाशाळांत गोष्ट पसरली. हिप्परगी मडकं घेऊन येतो आणि शाळेची अब्रू घेऊन जातो. मुख्याध्यापकांनी एकमेकांना फोन केले. एकेक वर्ग बंद झाला. मार्चमध्ये त्यांच्या स्वतःच्या मुख्याध्यापकांनी बोलावलं. वीरभद्रप्पा सर. मवाळ माणूस, निवृत्तीला आलेला. त्यांनी चहा मागवला, चंद्रव्वांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग सांगितलं की संस्थेचा निरोप आहे. नववीचे तास उद्यापासून दुसरे घेतील. तुम्ही पेपर तपासा. मडकं शाळेत आणायचं नाही. मुलांशी या विषयावर बोलायचं नाही.

सरांनी विचारलं, मी चूक काय केली?

वीरभद्रप्पा सर म्हणाले, "गुरुशांत, पोरांना विचारायचं नसतं. विचारलं की ती सांगतात."

हे सांगताना ते रागावलेले नव्हते. घाबरलेले होते. हिप्परगी सरांनी हेही उत्कर्षाला सांगितलं, वीरभद्रप्पा सरांची बाजू घेतल्यासारखं.

मग एप्रिल आला. सोलापूरचा एप्रिल. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सर मात्र सायकलवर फिरत होते. मार्गदर्शकांच्या घरी, संस्थेच्या ऑफिसात, पुन्हा मार्गदर्शकांच्या घरी. कुणी भेटायचं नाही. संध्याकाळी दुकानात यायचे ते काळे पडलेले. गाल बसले होते. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडायचे. गुरुराजने एकदा उत्कर्षाला बाजूला घेऊन म्हटलं, सरांना सांग, डिग्रीवाचून लोक जगतात. तिने सांगितलं नाही. तिला कळलं होतं की आता डिग्रीचं काही राहिलं नव्हतं.

एक प्रश्न राहिला होता.

सगळ्या शाळांत त्यांनी मडकं फिरवलं, पण नववी 'ब'मध्ये कधी नेलं नाही. आज नेतो, उद्या नेतो करत राहिले, आणि मग बंदीच आली. नववी 'ब'साठी त्यांच्याकडे एकच विधान होतं. बाकी कुठल्या वर्गाला ते विचारायचं कारणच नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी ते तिला सांगितलं. खिशातला खडू काढून बोटांत फिरवत होते.

"हिप्परगी सरांशी मी खरं बोलतो, बोलते."

एवढंच विधान.

तिने विचारलं, "आणि सगळे अर्धे निघाले तर, सर?"

"तर कळेल तरी." मग म्हणाले, "अकरा वर्षं वर्गात उभा राहिलो, उत्कर्षा. समोरून जे येत होतं ते मला खूश करायला येत होतं, का... मला एकदा बघू दे. प्रबंधात घालणार नाही. नुसतं बघू दे."

तिने म्हटलं, कशाला बघता, सर. तुम्ही चांगले शिक्षक आहात. सगळे म्हणतात.

"सगळे म्हणतात ते फळ्यावर लिहून दिलेलं असतं," ते म्हणाले. आणि तिला वाईट वाटेल म्हणून लगेच हसले.

नववीच्या परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ते सकाळपासून शाळेच्या मागच्या गल्लीत उभे होते. हे उत्कर्षाला नंतर आरोहीने सांगितलं. गल्लीत सावली नव्हती. एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडचा पत्रा होता, त्याच्या सावलीची हातभर पट्टी भिंतीशी. सर तिथे उभे राहिले नाहीत. तिथे त्यांनी मडकं ठेवलं होतं. आत जायची बंदी होती, निरोप आरोहीकडून पाठवला होता, आणि मुलं नेमकी कधी सुटतील ते सांगता येत नव्हतं. पेपर झाल्यावर कुणीतरी भाषण केलं, मग सुट्टीतल्या अभ्यासाच्या सूचना झाल्या, उशीर होत गेला. सर उन्हात उभे. जवळ पाण्याची बाटली होती. ती मुलांसाठी आणली होती. हे आरोहीने दोनदा सांगितलं. मुलं आली तेव्हा बाटली भरलेली होती.

मुलं आली. सगळा वर्ग आला. सरांनी विधान एकदाच वाचलं. कुणी हसलं नाही. एकेकजण टॉवेलखाली हात घालत होता. मधेच वच्छला मॅडम गल्लीच्या तोंडाशी आल्या. त्यांनी पाहिलं. पोरांना वाटलं, आता संपलं. पण मॅडम वळल्या आणि गल्लीकडे पाठ करून तिथेच उभ्या राहिल्या. मागून दोन शिक्षक येत होते, त्यांना बोलण्यात घालून दुसऱ्या रस्त्याने घेऊन गेल्या.

अजिंक्य म्हणून एक मुलगा आहे. अबोल. त्याने टॉवेलखाली हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. मागची पोरं कुरकुरली. सर म्हणाले, असू दे, त्याला वेळ लागू दे.

शेवटच्या मुलीचं झाल्यावर सरांनी मडक्याचं तोंड टॉवेलने बांधलं. दोन गाठी. मुलांनी विचारलं, सर, आम्हाला सांगणार का काय निघालं ते? सर म्हणाले, सांगणार. जे निघेल ते सांगणार. उद्या इथंच या.

ते दुकानात आले तेव्हा उत्कर्षाला त्यांच्या चेहऱ्याचं नवल वाटलं. चेहरा लाल होता आणि घामाचा एक थेंब नव्हता. एवढ्या उन्हातून आलेला माणूस इतका कोरडा कसा, असं तिच्या मनात आलं. त्याचा अर्थ तिला तेव्हा माहीत नव्हता. आता माहीत आहे.

तिने माठातून पाणी भरून पेला पुढे केला.

"थांब," ते म्हणाले. "उन्हातनं आलोय. अंग निवू दे."

तिने पेला टेबलावर ठेवला.

मडकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. म्हणाले, बस साहित्यिक बाई, दोघं लागतात. ती खुर्ची ओढून समोर बसली. पंखा गरम वारा फेकत होता. त्यांनी गाठ सोडायला घेतली. बोटं नीट चालत नव्हती. एक गाठ सुटली. मग ते थांबले आणि तिच्याकडे बघून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. तिला कन्नड येत नाही. तिच्याशी ते कधी कन्नड बोलायचे नाहीत. तिने विचारलं, काय सर? त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, जरा रागाने, ऐकू येत नाही का अशा सुरात. तिने गुरुराजला हाक मारली. तो येईपर्यंत सर स्टुलावरून कलंडले होते. पडताना त्यांनी मडकं पोटाशी धरलं होतं. मडकं फुटलं नाही.

गुरुराजने तो पेला उचलून त्यांच्या डोक्यावर ओतला. मग माठच ओतला. रिक्षात घालून नेलं. अंगाला हात लावला की भाजत होतं. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला, फार वेळ उन्हात होते का विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बाहेर येऊन मान हलवली.

चंद्रव्वा रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पाणी प्यायला होता का? उत्कर्षाने सांगितलं, नाही, अंग निवू दे म्हणाले. चंद्रव्वा तिच्याकडे बघत राहिल्या. मग आपल्या हातांकडे. त्या दिवसापासून उत्कर्षा त्यांच्या समोर पाणी पिऊ शकत नाही.

लिंगायत रीतीप्रमाणे बसवून त्यांना माती दिली. वीरभद्रप्पा सर आले होते, मागे उभे राहिले आणि तसेच गेले. नववी 'ब'ची मुलं आली. सकाळी ती ठरल्याप्रमाणे गल्लीत गेली होती आणि तिथे त्यांना कळलं होतं.

पंधरवड्यानंतर आरोही दुकानात आली. बरोबर अजिंक्य. तो दाराशीच थांबला. आरोहीने विचारलं, "ताई, मोजलं का?"

उत्कर्षाने नाही म्हटलं. आरोहीने मान हलवली आणि विचारलं, कधी मोजणार? उत्कर्षाला विचारावंसं वाटलं, तू काय टाकलंस गं? आणि दाराशी उभ्या त्या मुलाला, तू एवढा वेळ काय करत होतास? तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, तिला बरं वाटेल असं काहीतरी. मुलं थोडा वेळ थांबून गेली.

एप्रिल संपला. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र घरी आलं असावं. जागेवर दुसरा उमेदवार रुजू झाला. तो दुकानात येतो. त्याचा प्रबंध उत्कर्षानेच टाइप केला होता, दोन वर्षांपूर्वी. विषय तिला आठवत नाही.

मे महिन्यात ती मडकं घेऊन चंद्रव्वांकडे गेली. चंद्रव्वा उंबऱ्यात बसल्या होत्या. समोर पाटा, बाजूला न फोडलेले चिंचोके तसेच सुपात. उत्कर्षाने मडकं मधे ठेवलं आणि सांगितलं की दोघं लागतात. तुम्ही काढा, मी बघते.

चंद्रव्वांनी मडक्यावर हात ठेवला. टॉवेलवरून फिरवला. मग काढून घेतला.

"नको यव्वा. मी आई हाय. माजा हात चुकंल."

उत्कर्षा म्हणाली, मी बघते ना, चुकला तर सांगेन.

चंद्रव्वा म्हणाल्या, "तू तरी सांगशील व्हय?"

सरांनी वर्गात एवढी वर्षं कशाची वाट बघितली ते उत्कर्षाला आता कळत होतं, आणि कळून काही करता येत नव्हतं. चंद्रव्वांनी ताट वाढलं. ती जेवली.

मडकं तिने परत आणलं. ते आता तिच्या खोलीत आहे, खिडकीखाली. टॉवेलची एक गाठ सरांनी सोडली होती. दुसरी तशीच आहे.